मामाने दाखवलेली लाइन

आमच्या कंपनीचं ॲप ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांना दूध, भाजी, औषधं, इस्त्रीचे कपडे, रक्त तपासायला येणारा माणूस आणि नळ दुरुस्त करणारा, हे सगळं आज एकाच ठिकाणाहून मिळतं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर ही कंपनी सुरू झाली तेव्हापासून मी तिथे आहे. हे एवढं सगळं उभं कसं राहिलं, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर द्यायला आमच्याकडे हुशार माणसं आहेत आणि ती जे सांगतात ते खोटं नसतं. पण या सगळ्याच्या मुळाशी एक दोनशे पानी वही होती हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. त्या वहीत जे होतं ते माझं नव्हतं. ते माझ्या मामाचं होतं आणि मी ते त्याला न सांगता घेतलं होतं.

मामा डोंबिवली पूर्वेला पेपर टाकायचा. संगमेश्वरकडचं गाव सोडून तो विसाव्या वर्षी इथे आला आणि तेव्हापासून रोज पहाटे स्टेशनजवळ पुलाखाली बसून पुरवण्या भरायचा, गठ्ठे सायकलला लावायचा आणि निघायचा. पेपरवाल्यांच्या धंद्यात लाइन नावाची एक गोष्ट असते. ज्या इमारतींत, ज्या दारांत तुम्ही पेपर टाकता ती तुमची लाइन. तिच्यात दुसरा शिरत नाही. माणूस थकला की आपली लाइन दुसऱ्याला देतो आणि त्याची एक रीत आहे. कागद नाही, सही नाही. जुना माणूस नव्याला काही दिवस पहाटे बरोबर घेऊन फिरतो आणि एकेक दार दाखवतो. याला लाइन दाखवणं म्हणतात. ज्याला दाखवली, त्याची झाली. मामालाही एका म्हाताऱ्या पेपरवाल्याने अशीच दाखवली होती. तेव्हा त्यात चार इमारती होत्या. बाकीची सगळी मामाने वाढवली, पस्तीस वर्षांत, एकेक दार करून.

मामा-मामीला मूल नाही. लाइन पुढे कोणाला द्यायची, हा त्यांच्या घरातला कायमचा विषय होता. "चांगल्या हातात गेली पाहिजे," मामा म्हणायचा. मामी म्हणायची, "मुलीचं स्थळ बघतोय असं बोलतो हा माणूस."

मी आधी कार्यालयांना प्रिंटर विकायचो. ती नोकरी गेली आणि चाळिशीत मी या नव्या कंपनीत लागलो. तिथे सगळे पंचविशीतले. कोणी मला टाकून बोललं नाही, पण मीटिंगमध्ये मी बोलायला लागलो की बाकीचे आदराने गप्प बसायचे आणि मी संपवलं की जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू करायचे. मला फार भीती वाटायची. मुलीची बारावी तोंडावर होती, आणि इथूनही काढलं तर पुन्हा कुठे उभं राहायचं ते कळत नव्हतं.

तेव्हा कंपनी फक्त सकाळचं दूध पोचवायची आणि तेही धड पोचत नव्हतं. नकाशावर इमारत दिसते, पण आत शिरायचं कुठून ते दिसत नाही. डोंबिवलीत एकाच नावाच्या तीन सोसायट्या एका गल्लीत सापडतात. कुठे पुढचं फाटक सातपर्यंत बंद असतं आणि मागून यावं लागतं. कुठे 'ए' विंग रस्त्याला नसून 'बी'च्या पाठीमागे लपलेली असते. एका मीटिंगमध्ये आमच्या प्रमुख बाई, वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, वैतागून म्हणाल्या, "या शहराची दारं कोणाला तरी माहीत असतील ना?"

मला माहीत होतं ती कोणाला माहीत आहेत.

मी मामाकडे गेलो आणि सांगितलं, "ऑफिसातर्फे सकाळच्या धंद्यांचा सर्व्हे आहे. महिनाभर तुझ्याबरोबर फिरू का?" यातला एकही शब्द खोटा नव्हता, पण सगळं मिळून ते खोटंच होतं. मामाला इतका आनंद झाला की त्याने मामीला हाक मारून ते पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं.

महिनाभर मी फिरलो. मामा पुढे सायकल हातात धरून आणि मी मागे वही घेऊन. मी पहिल्याच दिवशी वहीत रकाने आखले होते: फाटक, जिना, मजला, दार, घरात कोण, किती वाजता उठतात, कुत्रा. मामा सांगत जायचा. "या घरात नवरा-बायको दोघं सहाला बाहेर पडतात, त्याआधी पोचायचं. इथे आजोबा पाचलाच खिडकीत उभे असतात. ह्या दारावर पिशवी लावायला खिळा नाही, जाळीत खोचायचं. इथे बाळंतीण आहे." पस्तीस वर्षांचं सगळं त्याच्या डोक्यात होतं आणि ते द्यायला त्याने जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. मामा कुठेच बेल वाजवत नसे. मी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बेल वाजवू नये', आणि त्याखाली रेघ ओढली.

फक्त एकदा त्याने बेल वाजवली. रामनगरमधल्या एका दाराशी कालचा पेपर तसाच खोचलेला होता. मामा थांबला, बेल दाबली आणि उभा राहिला. बऱ्याच वेळाने एक आजोबा डोळे चोळत आले. "अरे, मुलीकडे गेलेलो, रात्री उशिरा आलो." मामा म्हणाला, "बरं बरं, झोपा." आणि आम्ही पुढे गेलो. मी ते वहीत लिहिलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

शेवटच्या दिवशी पुलाखाली बाकीच्या पेपरवाल्यांनी मामाला धरलं. एक जण म्हणाला, "काय रे, भाच्याला लाइन दाखवतोयस काय?"

मामा माझ्या पायांकडे बोट दाखवून हसला. "त्याचे बूट बघ! हा काय पेपर टाकणार?"

सगळे हसले. मीही हसलो. तीन दिवसांनी ती वही मी ऑफिसात मांडली.

त्यापुढचं सांगताना मला अभिमान वाटतो आणि लाजही वाटते. दोन्ही एकाच वेळी वाटतात, आणि त्यांना वेगळं करायचा प्रयत्न मी आता सोडला आहे.

दूध वेळेवर पोचायला लागलं. मग आमच्या प्रमुख बाईंनी एक साधा प्रश्न विचारला, की आपण दारापर्यंत पोचलोच आहोत तर पिशवीत फक्त दूधच का असावं? म्हणून पाव आला, अंडी आली, भाजी आली. मग औषधं. मग जाताना धुवायचे, इस्त्रीचे कपडे घेऊन जायचे. मग ज्यांच्या औषधांत मधुमेहाची गोळी आहे त्यांच्याकडे तीन महिन्यांनी रक्त घ्यायला माणूस पाठवायचा. मग वीज, नळ, गीझर. याला त्या इकोसिस्टिम म्हणायच्या. मला तो शब्द समजायला वेळ लागला, पण गोष्ट लगेच समजली. दूधवाल्याला घरातलं दूध माहीत असतं, मेडिकलवाल्याला गोळ्या, इस्त्रीवाल्याला शर्ट. ते एकमेकांना सांगत बसत नाहीत. आम्हाला हे सगळं एकदम माहीत होतं, म्हणून एका धंद्यात शिरलेला आमचा माणूस दुसऱ्या पाच धंद्यांत आपोआप शिरला. त्यांच्यापैकी कोणाशी आम्ही भांडलो नाही. भांडायची वेळच आली नाही.

दिवा स्टेशनच्या पलीकडे, जिथे नळाला पाणी नसतं आणि सामान पोचवायलाही कोणी तयार नसायचं, तिथल्या गल्ल्यांत आमची माणसं इन्सुलिन बर्फाच्या डब्यात घालून घेऊन गेली. त्या गल्ल्यांचा नकाशा मी स्वतः केला, मामाच्या वहीवरून शिकलेल्या पद्धतीने, एकेक जिना चढून. शहाडच्या आमच्या गोदामात भाजी निवडणाऱ्या बायकांपैकी दोघी आज पूर्ण गोदाम चालवतात. टाळेबंदीत सोसायट्यांनी सगळ्यांना फाटकं बंद केली, पण आमच्या माणसांना उघडली. त्या दिवसांत घरी जाताना मी ताठ चालायचो हे मला आठवतं.

त्याच टाळेबंदीत लोकांनी पेपर बंद केले आणि नंतर पुष्कळांनी सुरू केलेच नाहीत. बातम्याही आमच्या ॲपवर सकाळी दुधाच्या निरोपाबरोबर यायला लागल्या होत्या. मामाची लाइन अर्धी झाली, मग पाव झाली. जिथे एका जिन्यात बारा पेपर जायचे तिथे दोन राहिले. मी दर रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचो आणि तो सांगायचा, "परवा आणखी तीन गेले." मी भात कालवत राहायचो. तो मला कधीच काही म्हणाला नाही. उलट पुलाखाली तो सांगायचा म्हणे, की माझा भाचा त्या मोठ्या कंपनीत आहे.

गेल्या वर्षी थंडीत शाळेतल्या बाईंचं ते प्रकरण झालं.

बाई म्हणजे रामनगरजवळच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या डोंबिवलीला त्यांनी गणित शिकवलं आहे, मलाही. मुलगा परदेशात. त्याने आईला आमच्या ॲपवर सगळं लावून दिलं होतं: दूध, भाजी, गोळ्या, दर महिन्याला रक्तदाब बघायला येणारी मुलगी. पेपर तेवढा बंद केला होता, कारण बाई आता टॅबवर मोठी अक्षरं करून वाचायच्या. म्हणजे ते दार मामाच्या लाइनीतून गेलं होतं. त्या इमारतीत मामाचा एकच पेपर उरला होता, दुसऱ्या मजल्यावर. पण मामा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा. का, असं मी नंतर विचारलं तर म्हणाला, "सवय. पाय ऐकत नाहीत."

त्या दिवशी त्याला बाईंच्या दारावरच्या पिशवीत दोन दिवसांचं दूध दिसलं. कालची पिशवी फुगली होती. त्याने बेल दाबली. पुन्हा दाबली. मग शेजारच्यांना उठवलं, त्यांच्याकडे किल्ली होती. बाई स्वयंपाकघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडून, आदल्या सकाळपासून. शुद्धीवर होत्या. मामाला बघून पहिलं वाक्य म्हणाल्या, "पाणी दे आणि घड्याळात किती वाजले ते सांग."

त्या वाचल्या.

मी ऑफिसात त्या दाराची नोंद उघडली. आमचा माणूस दूध ठेवून रोज फोटो काढतो. पहिल्या दिवशीच्या फोटोत एक पिशवी. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत दोन, कालची स्पष्ट दिसत होती. त्याखाली हिरव्या अक्षरात लिहिलेलं, 'यशस्वी'. आणि त्याच्या वर, त्या दाराची कायमची सूचना: 'बेल वाजवू नये'. ते शब्द माझे होते. बाईंना कुठली गोळी किती वाजता लागते, दूध कुठलं चालतं, वांगं का चालत नाही, हे सगळं आम्हाला माहीत होतं. फक्त त्या पडल्यात हे माहीत नव्हतं. आणि ते कसं ओळखायचं ते मला एका माणसाने डोळ्यांदेखत दाखवलं होतं.

रविवारी मी मामाकडे गेलो. मामी घावणे घालत होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं, वहीपासून 'यशस्वी'पर्यंत. म्हणालो, "मामा, सर्व्हे नुसता नावाला होता. मी तुझी लाइन घेतली."

मामीने उलथनं खाली ठेवलं. "आणि इतकी वर्षं इथे बसून जेवतोयस ना रे!"

"हो."

"बघ, हो म्हणतोय!"

"तू घावणा बघ, करपतोय," मामा म्हणाला. मग त्याने जे विचारलं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. "त्या आजोबांकडे मी बेल मारलेली. तू होतास बरोबर. ते वहीत कुठे लिहिलंस?"

"नाही लिहिलं."

"का?"

"रकाना नव्हता, मामा."

"मग आखायचास की. पट्टी पेन्सिल नव्हती तुझ्याकडे?" आता त्याचा आवाज चढला होता. पहिल्यांदाच. "अरे, पेपर काय कोणीही टाकतो! पेपर टाकायला अक्कल लागत नाही. कालचा का उचलला नाही हे बघायला माणूस लागतो. तू अख्खी लाइन घेतलीस आणि नेमकं तेवढंच सोडून गेलास."

मला रडू आलं. मामी म्हणाली, "आता याला पाणी द्या," आणि दिलं तिनेच.

जरा वेळाने मामा म्हणाला, "मी तुला एक महिना फिरवलं. दार न् दार दाखवलं. आमच्यात दाखवली म्हणजे दिली. तू लबाडीने घेतलीस ती तुझी गोष्ट, मी राजीखुशीने दाखवलेली. लाइन तुझी आहे. मग ती नीट चालव. बाईंच्या दारावर बेल मारायचं काम त्या दिवशी तुझं होतं, माझं नव्हतं."

मी त्याच्याकडून माफीची किंवा शिवीची वाट बघत होतो. त्याने मला काम दिलं.

सोमवारी मी आमच्या प्रमुख बाईंना ते दोन फोटो दाखवले आणि वहीचं सगळं सांगितलं. त्यांनी फोटो दोनदा पाहिले. मग त्यांना जे विचारणं भाग होतं ते विचारलं, की अशी बेल वाजवायची ठरवली तर दर दारामागे किती वेळ वाढेल. मी म्हणालो, उत्तर देणारा माणूस घेऊन येतो.

मामा ऑफिसात आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. काचेच्या खोलीत वीस जण बसलेले. कोणीतरी इंग्रजीत विचारलं की अशा किती घरांत कालचं सामान तसंच राहतं. मी मराठीत सांगितलं. मामा म्हणाला, "माझ्या लाइनीत महिन्याला एक-दोन. कधी गावाला गेलेला, कधी झोपलेला, नाहीतर भांडून दार न उघडणारा."

"म्हणजे बहुतेक वेळा बेल फुकटच," एक मुलगा म्हणाला.

"बहुतेक वेळा फुकट, आणि वर शिव्या," मामा म्हणाला. "इतक्या वर्षांत असं आत पडलेल्या चौघांना मी बाहेर काढलं. बाई चौथ्या. तुम्ही म्हणताय तसा हिशेब धरला तर परवडत नाही. मला परवडलं."

आमच्या प्रमुख बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "डोंबिवलीत सुरू करू. काका, आमच्या लोकांना तुम्ही शिकवाल का?"

मामाने माझ्याकडे बघितलं. "हा शिकवेल. लाइन त्याची आहे. मी फक्त दोन दिवस मागून येईन, चुकला तर सांगायला."

आता नियम असा आहे. आदल्या दिवसाची वस्तू दारात दिसली तर 'यशस्वी' दाबताच येत नाही. आधी बेल. उत्तर नाही आलं तर शेजारी, मग घरच्यांना फोन, आणि माणूस बरा आहे असं कोणीतरी सांगेपर्यंत ते दार आमच्या पडद्यावर लाल राहतं. डोंबिवलीहून हे कल्याणला गेलं, मग ठाण्याला, मग जिथे जिथे आमची पिशवी जाते तिथे सगळीकडे. रोज पहाटे शेकडो लोक चिडून दार उघडतात आणि आमच्या माणसांना झापतात. "बेल वाजवू नका सांगितलंय ना!" त्या तक्रारी माझ्याकडे येतात. प्रत्येकाला मी स्वतः उत्तर लिहितो. एखादा माणूस आपल्या पायांनी दारापर्यंत चालत येऊन मला शिव्या देतो, याइतकी चांगली बातमी माझ्या सकाळला दुसरी नसते.

ज्यांचे धंदे आमच्यामुळे आटले त्यांचं मी काही भरून दिलेलं नाही. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला गेला, तो परत येणार नाही. ते माझ्या नावावर आहे आणि राहील. पण एका पेपरवाल्याने जे नुसतं सवयीने केलं ते आज त्याचं नावही माहीत नसलेल्या शहरांत हजारो माणसं रोज करतात. मी कंपनीत जे काही केलं त्यात तेवढं एक निखालस चांगलं आहे, आणि तेही मामाचं आहे.

या वर्षी गुडघ्यांमुळे मामाने पेपर टाकणं थांबवलं. उरलेली चाळीसेक दारं पुलाखालच्या एका जोडीदाराला दिली. शेवटच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. पुरवण्या भरायला बसलो तर हात काळे झाले आणि तरी माझा गठ्ठा सगळ्यांत शेवटी झाला. बाईंच्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. बाई वॉकर धरून दारात उभ्याच होत्या. त्यांनी पिशवीतून आजचं दूध काढलं, मामाला दाखवलं आणि म्हणाल्या, "आजचं आहे. जा आता."

परत पुलाखाली आलो तेव्हा सगळे चहाला थांबले होते. त्या जुन्या पेपरवाल्याने, ज्याने इतक्या वर्षांपूर्वी तो प्रश्न विचारला होता, पुन्हा विचारलं, "काय रे, शेवटी भाच्यालाच दाखवलीस ना लाइन?"

मामाने माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपला घालून आलो होतो.

"दाखवली," तो म्हणाला. "आधीच दाखवलेली. आता चालवतोय बरी."